मांडते आणि उठते

धरणगावच्या जिनिंगचा भोंगा आठला होतो.
त्याआधी मी गोणपाट झटकून पसरते
गोदामाच्या उगवतीच्या दारापाशी,
जिथे ऊन नऊपर्यंत बसतं
आणि मग तेही कामाला जातं.

आज काय मांडायचं
ते एरंडोलहून येताना एसटीतच ठरतं.
परातीत सरकी,
तिच्यात अर्ध्या बुडालेल्या दोन वाट्या,
दांडा तुटलेली पळी.
दादरीची चिपाडं, सोलून, वीतभर कापून.
बोंडांच्या वाळक्या नख्या,
त्यांची टोकं मी घरी पाट्यावर घासून आणली.
सात झाकणं समोर,
आठवं गोणपाटाखाली, कड तेवढी दिसेल असं.

शेटजींनी दिलेलं अस्वल कपाटावर आहे,
प्लास्टिकच्या पिशवीत.
ते पाहुणे आले की खाली उतरतं.

पहिल्या महिन्यात मी सगळं रांगेत मांडायचे,
दुकानासारखं.
पोरं दुकानासमोर उभी राहतात तशीच उभी राहिली,
हात पाठीमागे.
पैसे कुठे होते त्यांच्याकडे?

मग मी एक वाटी उपडी ठेवू लागले,
एक चिपाड दुसऱ्यात खोचून अर्धवट सोडू लागले,
कुणीतरी खेळता खेळता
पाणी प्यायला उठलंय, असं.

मांडणं सोपं.
उठणं जमत नव्हतं.
खिचडी ढवळता ढवळता देवकाबाई म्हणायची,
'बाई, त्यास्ले खेळू द्या ना. तुमीन च्या प्या.'
मी चहा पिते. बशीत पाहते.
ओठांवर येतं, अरे, असं नाही, असं
आणि चहाबरोबर खाली जातं.

रेलसिंग शहाद्याच्याही वरून आलेला,
सातपुड्यातला. पाच वर्षांचा असेल.
बाप प्रेसवर गाठी बांधतो, आई सरकी उचलते.
त्याची बोली मला येत नाही,
माझी त्याला नको असते.
नऊ दिवस तो चौकटीला पाठ लावून बसला,
मांडीवर जामली, त्याची बहीण,
त्याच्याहून फार लहान नसलेली.

दहाव्या दिवशी मी फक्त त्याच्यासाठी मांडलं.
चिपाडांची बैलगाडी.
बैलांना नख्यांची शिंगं, झाकणांची चाकं,
रात्री अकरापर्यंत जागून केलेली.
खाली स्वच्छ धुतलेला फडका.

तो उठला.
वाकून गाडी पाहिली.
दोन्ही हातांनी उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवली,
परक्याची वस्तू ठेवावी तशी,
आणि फडका घेऊन परत गेला.

फडका जामलीच्या डोक्यावर.
काढला.
पुन्हा डोक्यावर. पुन्हा काढला.
ती खिदळली तेव्हा त्यानं
आधी माझ्याकडे पाहिलं.
मी बशीत पाहत होते.
बशीत चहा नव्हता.

मग फडक्यात सरकी आली, पळीपळीनं.
चारी टोकं ओढून गाठ.
वर उभं राहून टाचेनं दाबणं,
बापासारखं हुं करून.
खडूचा तुकडा कुठून मिळाला कोण जाणे,
त्यानं गाठीवर काहीतरी ओढलं,
आकडा असावा.
जामलीला वर बसवलं
आणि ट्रक निघाला,
गोणपाटाच्या या टोकापासून
खिचडीच्या पातेल्यापर्यंत,
हॉर्न वाजवत, मध्ये एकदा
कुणालातरी झापत.
कुठे चाललाय ते तो सांगत होता,
मला नव्हे.

दुपारपर्यंत आणखी चौघं ट्रकमागे होती.
एकाला तर त्यानं पावतीही दिली,
चिपाडाचं साल.

संध्याकाळी मी सरकी झाडून गोळा केली,
दारापर्यंत, दाराबाहेर,
अस्वलाच्या कपाटाखाली.
आठवं झाकण मिळालं नाही.
फार शोधलं नाही.

गाडी कोपऱ्यात तशीच होती,
नवी कोरी, शिंगं ताठ.
एसटीला वीस मिनिटं होती.
मी तिचं एक चाक काढलं,
एक बैल सोडवला,
आणि उद्यासाठी
आडवी करून ठेवली.